लघुपटांतील धार्मिक पूर्वग्रहाचे चित्रण

एखाद्या व्यक्तीची ओळख होण्याआधीच, केवळ तिच्या धर्मावरून तिच्याविषयी बनवलेल्या प्रतिकूल मतास धार्मिक पूर्वग्रह म्हणतात. लघुपटांत हा विषय हाताळताना संवादांपेक्षा ध्वनी आणि छायाचित्रण यांवर अधिक भार पडतो. ऑस्कर पुरस्काराच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो. एवढ्या अवधीत पात्रांचा पूर्वेतिहास सविस्तर सांगता येत नाही. त्यामुळे कोण कोणाच्या नजरेतून दिसतो आणि कोणाचा आवाज ऐकू येतो, यावरच प्रेक्षकाचे मत घडते. पूर्वग्रह उघडा पाडणारी ही साधने तो निर्माणही करू शकतात.

पार्श्वभूमी

मराठीत या विषयाचा ठळक पूर्वाधार लघुपटात नसून पूर्ण लांबीच्या चित्रपटात आढळतो. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'शेजारी' (१९४१) हा धरणाच्या निमित्ताने दुरावलेल्या एका हिंदू आणि एका मुस्लीम शेजाऱ्याची कथा सांगतो. कथा विश्राम बेडेकर यांची, तर संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांनी हिंदू शेजाऱ्याची आणि गजानन जागीरदार यांनी मिर्झाची भूमिका केली. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत हिंदू शेजारी मझहर खान यांनी, तर मिर्झा पुन्हा जागीरदार यांनीच साकारला. चेहरा आणि पेहराव पाहून माणसाचा धर्म निश्चितपणे सांगता येतो, या समजुतीला या पात्रनिवडीनेच छेद दिला.

स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनच्या लघुपटांतून राष्ट्रीय एकात्मतेचा प्रसार झाला. विजया मुळे यांचा 'एक, अनेक और एकता' (१९७४) हा सुमारे सात मिनिटांचा सचेतपट त्यांपैकी सर्वांत परिचित होय. अशा लघुपटांत ऐक्याचे महत्त्व सांगितले जाते; पूर्वग्रह मनात कसा रुजतो, हा त्यांचा विषय नसतो.

छायाचित्रण

दोन पात्रे एकाच चौकटीत दाखवली, की त्यांच्यातील अंतर आणि जवळीक दोन्ही दिसतात. त्यांना आळीपाळीने वेगवेगळ्या चौकटींत दाखवले, तर ती एकमेकांपासून तुटलेली भासतात. कॅमेऱ्याची उंचीही अर्थपूर्ण ठरते. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपलेले दृश्य प्रेक्षकाला मोठ्यांच्या गृहीतकांपासून दूर नेते. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांच्या प्रयोगांनी दाखवले, की एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवल्यास प्रेक्षक त्यात वेगवेगळे भाव पाहतो. त्यामुळे दाढीधारी वा टिळाधारी चेहऱ्यापाठोपाठ शस्त्राचे दृश्य जोडले, तर एक शब्दही न उच्चारता संशय तयार होतो.

अश्विन कुमार यांच्या 'लिटल टेररिस्ट' (२००४) या १५ मिनिटांच्या, ऑस्कर नामांकन मिळालेल्या लघुपटात क्रिकेटचा चेंडू आणण्यासाठी सीमा ओलांडलेल्या पाकिस्तानी मुस्लीम मुलाला राजस्थानातील एक हिंदू शिक्षक घरात आसरा देतो. सैनिकांपासून वाचवण्यासाठी मुलाचे मुंडण केले जाते. केस गेल्यावर त्याची 'ओळख' बदलते. मूल मात्र तेच राहते. धर्म ओळखण्याच्या दृश्य खुणा किती वरवरच्या असतात, हे सांगण्यासाठी येथे भाषणाची गरज पडत नाही.

अलँ रेने यांच्या 'नाइट अँड फॉग' (१९५६) या ३२ मिनिटांच्या फ्रेंच माहितीपटात द्वेषाची परिणती दिसते. ओस पडलेल्या नाझी छळछावण्यांतून रंगीत चित्रणात कॅमेरा संथपणे सरकत राहतो आणि मधूनमधून जुनी कृष्णधवल दृश्ये येतात. गवताने झाकलेली शांत जमीन आणि तेथे घडलेला संहार यांतील विसंगती या मांडणीतून जाणवते.

ध्वनी

चौकटीबाहेरून येणारा आवाज प्रेक्षकाच्या कल्पनेला काम देतो. अजान, घंटानाद किंवा मिरवणुकीचा ढोल हे रोजच्या जीवनातील आवाज आहेत. त्यांखाली गंभीर, लांबलेला सूर मिसळला, की तेच आवाज धोक्याची सूचना वाटू लागतात. उलट, चुलीचा, भांड्यांचा किंवा अभ्यास करणाऱ्या मुलांचा आवाज त्यांच्यासोबत ऐकू आला, तर ते पुन्हा शेजारचे होतात. नाव विचारल्यावर पसरणारी क्षणभराची शांतताही पूर्वग्रह व्यक्त करू शकते.

मर्विन लरॉय दिग्दर्शित 'द हाउस आय लिव्ह इन' (१९४५) हा सुमारे दहा मिनिटांचा अमेरिकी लघुपट ध्वनिमुद्रणाच्या दालनात सुरू होतो. गायक फ्रँक सिनात्रा बाहेर येतात, तेव्हा मुलांची टोळी एका ज्यू मुलाच्या मागे लागलेली असते. सिनात्रा त्यांना समजावतात आणि अखेरीस गातात. या लघुपटाला विशेष ऑस्कर पुरस्कार मिळाला.

मराठवाड्याच्या संदर्भात

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ, निलंगा आणि उदगीर हा परिसर हैदराबाद संस्थानाच्या काळात बीदर जिल्ह्यात होता. रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेली हिंसा, या दोन्हींच्या आठवणी या भागाच्या इतिहासात आहेत. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांचा समावेश केला होता. मराठवाड्यातील अनेक गावांत मोहरमच्या सवाऱ्यांत हिंदूंचाही सहभाग असतो. सहजीवनाची ही परंपरा त्याच इतिहासाचा भाग आहे.

अशा प्रदेशात चित्रीकरण करताना बोलीला महत्त्व येते. येथील मुस्लीम कुटुंबांत मराठी आणि दखनी या दोन्ही भाषा वापरल्या जातात. पडद्यावरील मुस्लीम पात्राच्या तोंडी लखनवी उर्दू घातल्यास ते पात्र गावात परके ठरते. चित्रीकरणस्थळीच मुद्रित केलेली स्थानिक बोली हा परकेपणा टाळते. हिंसेच्या आठवणी सांगताना वृद्धांचा आवाज आणि आजच्या शेतशिवाराची दृश्ये एकत्र आणण्याची पद्धत येथेही उपयोगी ठरू शकते.

मर्यादा

पूर्वग्रहाविरुद्ध बोलणारी कलाकृतीही पूर्वग्रहमुक्त असतेच असे नाही. 'द हाउस आय लिव्ह इन'मध्ये ज्यूद्वेषाचा निषेध करतानाच जपानी लोकांसाठी तुच्छतादर्शक शब्द वापरला आहे. गीतकार एबल मीरोपोल यांच्या मूळ गीतातील गोऱ्या व कृष्णवर्णीय शेजाऱ्यांचा उल्लेखही त्यात गाळला गेला. 'नाइट अँड फॉग'च्या निवेदनात ज्यूंचा उल्लेख नगण्य असल्याची टीका झाली. लघुपटाच्या अल्प अवधीत पीडित पात्र केवळ सोशिक आणि सद्गुणी दाखवण्याचा मोहही असतो. त्यामुळे प्रेक्षकाला त्याची दया येते, परंतु त्याच्याशी बरोबरीचे नाते जुळत नाही. म्हणूनच अशा लघुपटाचे मूल्यमापन करताना त्याच्या संदेशाबरोबरच कॅमेरा कोणाच्या बाजूने पाहतो आणि कोणाला स्वतःच्या आवाजात बोलू दिले जाते, हेही तपासावे लागते.