सुवॉनचा किल्ला आणि त्याची हिशेबवही

दक्षिण कोरियाला जाणारे आपले प्रवासी बहुधा सेऊल पाहून परततात. सेऊलच्या दक्षिणेस, मेट्रोच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गाने साधारण तासाभराच्या अंतरावर सुवॉन हे शहर आहे. त्याच्या जुन्या भागाभोवती सुमारे ५.७ किलोमीटर घेराची तटबंदी आहे. ह्वासॉंग नावाचा हा किल्ला १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र त्याचा जो भाग आज दिसतो, त्यातील बराचसा एका हिशेबवहीच्या आधारे पुन्हा उभा राहिलेला आहे.

हा किल्ला राजा चॉंगजो याने बांधला. १७६२ मध्ये त्याचा पिता, युवराज सादो, यास खुद्द आजोबांच्या आज्ञेने तांदूळ साठवण्याच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडण्यात आले व त्यातच त्याचा अंत झाला. पुढे राज्यावर आल्यावर चॉंगजोने १७८९ मध्ये पित्याची समाधी सुवॉनजवळ हलविली, तेथील वस्तीस नवी जागा दिली आणि १७९४ मध्ये त्या नव्या नगराभोवती तट उभारण्यास आरंभ केला. चॉंग याक-योंग या तरुण विद्वानाने आराखडा केला आणि जड शिळा उचलण्यासाठी कप्प्यांचे यंत्रही तयार केले. १७९६ मध्ये, तीन वर्षांच्या आत, काम पूर्ण झाले.

त्या काळी अशी कामे वेठीने करून घेण्याची प्रथा होती. येथे मात्र मजुरांना रोजंदारी देण्यात आली आणि जेथे रोजंदारी तेथे हिशेब आलाच. कारागिरांची नावे, त्यांचे गाव, कामाचे दिवस, अगदी अर्धा दिवस भरला असेल तर तोही नोंदविला गेला. दगड, विटा, लाकूड, खिळे यांचे नग आणि दर लिहिले गेले. प्रत्येक इमारतीची रेखाचित्रे जोडण्यात आली. एकूण खर्च सुमारे ८ लाख ७० हजार न्यांग झाला. हा सारा जमाखर्च १८०१ मध्ये ग्रंथरूपाने छापण्यात आला.

१९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात किल्ल्याची मोठी हानी झाली. १९७५ ते १९७९ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा कारागिरांपुढे तोच ग्रंथ होता. कोणता बुरुज कसा व किती उंच होता, हे अंदाजाने ठरवावे लागले नाही. २००७ मध्ये कोरियन राजदरबाराच्या अशा नोंदग्रंथांना युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीतही स्थान मिळाले.

पाहणाऱ्याने फेरी दक्षिणेकडील पालदालमुन दरवाजापासून सुरू करावी. तो आज वाहनांच्या वर्तुळात एकटाच उभा आहे आणि त्याच्या लगत जुनी बाजारपेठ आहे. तेथून तट पालदाल टेकडीवर चढतो. माथ्यावरील सेनापतीच्या चौकीतून सारे शहर दृष्टीस पडते. खाली उतरल्यावर पश्चिमेचा ह्वासॉमुन दरवाजा लागतो. हे दोन्ही दरवाजे मूळचे आहेत, तर उत्तरेचा चांगआनमुन आणि पूर्वेचा चांगन्योंगमुन हे नव्याने बांधलेले आहेत. जुने कोणते व नवे कोणते, हे आधी न विचारता ओळखून पाहावे. पुढे ओढ्यावरील सात कमानींचा ह्वाहोंगमुन येतो. तटाच्या आत राजाचा प्रवासी वाडा आहे. १७९५ मध्ये मातेच्या साठाव्या वर्षाचा सोहळा चॉंगजोने येथेच केला. हा वाडाही पुनर्बांधणी केलेलाच आहे. संपूर्ण फेरीस दोन ते तीन तास लागतात.

शाकाहारी कुटुंबांनी फराळाचे सामान सोबत ठेवणे इष्ट. हे शहर गोमांसाच्या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे आणि किमचीतही पुष्कळदा मासळीचा अर्क असतो. कोरियातील बौद्ध मठांच्या पारंपरिक भोजनात मात्र मांस नसते, तसेच कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळांविषयी तेवढे विचारून घ्यावे.

चॉंगजो १८०० मध्ये निवर्तला, म्हणजे ग्रंथ छापून होण्यापूर्वीच. पेढीवर रोजमेळ लिहिणाऱ्यास कोणती नोंद पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे ठाऊक नसते. सुवॉनच्या लेखनिकांसही ते ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ खिळ्यांचा भाव आणि कारागिराचा अर्धा दिवस खरा लिहिला.