दुधीला फुलं भरपूर, पण दुधी एकही नाही? औषध ठेवा बाजूला, संध्याकाळी वेलाजवळ जा

दापोडे म्हटलं की लोकांना गोदामं आठवतात. (पुण्यातलं दापोडी वेगळं, कृषी विद्यापीठाचं दापोली त्याहून वेगळं. हे भिवंडी तालुक्यातलं.) पण इथे गच्च्यांवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत दुधी, कारली, मिरच्याही लावलेल्या दिसतात. आमच्याही गच्चीवर आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या दुधीने महिनाभर नुसती पांढरी फुलं दिली. बोटाएवढे दुधी दिसायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. आईने खत घातलं, मी औषध मारलं. उपयोग शून्य, कारण वेलाला रोग नव्हताच.

दुधी, भोपळा, काकडी, कारलं, दोडका यांच्या एकाच वेलावर साधारणपणे नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फूल ओळखणं सोपं आहे. पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असतं. नर फुलाला नुसता सडपातळ देठ. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, ती गळाली तर घाबरू नका. पण नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही, तर ते इवलंसं फळ सुकणारच.

एरवी हे काम कीटक करतात. दुधीची गंमत अशी की त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, मधमाश्या परतायच्या वेळेला. मग भिस्त रात्रीच्या पतंगांवर. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ते किती येणार? आणि मी मारलेल्या औषधाने उरलेसुरलेही गेले असतील.

तेव्हा हे काम आपणच करायचं. अंधार पडताना ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवा. एक नर फूल दोन मादी फुलांना सहज पुरतं. काही दिवसांत फळ फुगायला लागलं, की जमलं. दोडकाही संध्याकाळचाच. भोपळा, काकडी, कारलं मात्र सकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात.

मिरचीचं प्रकरण वेगळं. तिथे कीड खरोखर असते. पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून पानांच्या खालच्या बाजूने फवारा, तेही ऊन उतरल्यावर. झाड अगदीच खुरटलं असेल तर विषाणूची शंका घ्या. त्यावर औषध नाही, ते झाड उपटलेलं बरं.

टोमॅटोचं बूड काळं पडतंय? तो रोग नाही. कुंडी एक दिवस कोरडी, एक दिवस तुडुंब, अशाने फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही. अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ लागतो, त्यांच्यावर विसंबू नका. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला.

आमच्या वेलाला नंतर चार दुधी धरले. एकाची आईने भाजी केली, दुसरा शेजारी गेला, उरलेले दोन अजून वाढतायत.