नाव आमचे, फोन दुसऱ्याचाच



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि खताच्या मात्रा याविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, आणि तो आमच्या स्वतःच्या अंगावर आलेला आहे.

मागील गळीत हंगामात सालेकसा भागातील एका सभासदाचा आम्हाला फोन आला. "साहेब, बिलाचं काम झालं का जी?" आम्ही विचारले, कसले काम? तेव्हा उलगडा झाला. कोणीतरी व्हॉट्सॲपवर आमचा फोटो लावून, आमचे नाव व हुद्दा लिहून त्यांना कळविले होते की, उसाचे बिल बँकेत अडकले आहे, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा म्हणजे मोकळे होईल. त्यांनी सांगितला. धान विकून आलेले पैसे खात्यात होते, ते गेले. "तुमचाच फोटो होता ना जी," ते म्हणाले. यावर आम्ही काय बोलणार?

दुसऱ्याच्या नोंदीवर ऊस घालण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. पण काट्यावर निदान गाडी आणि माणूस समोर उभा असतो, चार लोक ओळखतात. फोनच्या पलीकडे कोण बसला आहे ते दिसत नाही. आणि आता चेहरा दिसला तरी भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमच्या ॲपची भलामण करीत आहेत असा व्हिडिओ फिरला. तो बनावट असल्याचे त्यांना स्वतःला जाहीर करावे लागले आणि मुंबईत सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला.

तोतया हा शब्द मराठी माणसाला पानिपतापासून ठाऊक आहे. १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा निघाला, आणि भलेभले त्याला फसले. १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हा ते प्रकरण मिटले. इंग्रजी अमदानीत १८६० च्या दंड संहितेत तोतयेगिरीने फसवणूक करण्यास शिक्षा आली. ज्याचे सोंग घेतले तो माणूस खरा असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३१९ प्रमाणे ही शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे.

परंतु या कलमात एक गोम आहे. फसवणूक झाली कोणाची? ज्याला फसविले त्याची. ज्याचे नाव वापरले तो बाजूलाच राहतो. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आला तेव्हा त्यातही याला वेगळे कलम नव्हते. ते २००८ च्या दुरुस्तीने आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. कलम ६६ सी हे दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे: त्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची दुसरी कोणतीही खास खूण लबाडीने वापरणे. कलम ६६ डी हे फोन वा संगणकाच्या साधनाने तोतया बनून फसविण्याबद्दल आहे. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

म्हणजे ज्याचा पैसा गेला तो एक फिर्यादी, आणि ज्याचे नाव गेले तोही दुसरा. हे आम्हालाही उशिरा उमगले. आमचा तर एक पैसाही गेला नाही, मग पोलीस ठाण्याची पायरी कशाला चढा, असा विचार करून आम्ही चार दिवस गप्प बसलो. खरे तर त्या चार दिवसांत तोच फोटो आणखी तीन सभासदांकडे गेला होता. त्यांनी सुदैवाने उत्तर दिले नाही.

कायदा सगळीकडे पुरतो असे मात्र नाही. पैसा मागितला नाही, नुसते एखाद्याचे नाव लावून वाह्यात मजकूर टाकला, तर वरील कलमे तोकडी पडतात असे आमचे मत आहे. मग बदनामीच्या कलमाकडे जावे लागते. तरी २०२१ च्या नियमांनी एक सोय केली. ज्याचे सोंग घेतले त्याने स्वतः तक्रार केल्यावर ते खाते वा मजकूर काढण्यासाठी व्हॉट्सॲप, फेसबुकसारख्या कंपन्यांना त्या वेळी २४ तासांची मुदत घालून दिली होती.

पैसा गेला असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी कळले तर ती अडविता येते. आमच्या सभासदाने चौथ्या दिवशी फोन केला, तोवर खाते रिकामे होते. आपण छत्तीसगडच्या सीमेवरची माणसे. फोन कुठल्या राज्यातून आला याची काळजी करू नये. नव्या फौजदारी कायद्याप्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. रागाच्या भरात ते मेसेज मात्र पुसू नयेत, तोच पुरावा असतो. मुलाला सांगून त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

बँक खाते अथवा मोबाईल क्रमांक बदलावयाचा असल्यास सभासदाने शेअर सर्टिफिकेट व बँक पासबुक घेऊन समक्ष गट कार्यालयात यावे. ओटीपी आमच्या खात्यातील कोणीही विचारीत नाही. आमच्या नावाने तसा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि तोडणी चिठ्ठीवर छापलेल्या क्रमांकावर आम्हाला कळवावे, मग रात्रीचे अकरा वाजलेले का असेनात.