तलावाचा ठेका मिळतो, बदकांचा नाही

1950 च्या दशकात नागपुरात ‘ॲलविन कूपर’ नावाची एक कंपनी होती. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल हे तिचे संस्थापक. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात शिकारीला नेणे हा तिचा धंदा. पाहुण्याने पैसे भरायचे आणि बाकीची व्यवस्था कंपनीवर सोडायची. वनखात्याने जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. फी भरून ठरावीक मुदतीसाठी एखादा ब्लॉक आपल्या नावावर राखून घेता येई आणि कोणते जनावर किती मारायचे याची मर्यादा परवान्यात असे.

जागा राखायची की माहितगार घ्यायचा, हा प्रश्न आपल्याकडेही होता तो असा. अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी तो अजून आहे. तिथे भातशेते आणि पाणथळी हंगामापुरत्या भाड्याने मिळतात, नाहीतर एका दिवसाची शिकार माहितगारासह आरक्षित करता येते. वऱ्हाडातही हिवाळ्यात मालखेड, केकतपूर, अप्पर वर्धा, कापशी, महान या तलाव-धरणांवर बदके उतरतात. ती पाहून पर्यटनाच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या माणसाच्या मनात हिशेब सुरू होऊ शकतो: तलाव ठेक्याने घ्यावा की पाहुण्यांना माहितगारासोबत पाठवावे? या हिशेबाच्या मुळाशीच काही गैरसमज आहेत.

पहिला आणि सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे ‘तलाव आपल्या ताब्यात, तर त्यावरचे पक्षीही आपलेच.’ तलावाचे ठेके खरोखर दिले जातात. मच्छीमार सहकारी संस्थांना मासेमारीसाठी जलाशय मिळतात. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन पिकासाठी भाडेपट्ट्याने दिली जाते. पण एका ठेक्यात मासे असतात, दुसऱ्यात पीक. बदक यांपैकी कोणत्याच कागदावर नसते. स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या शेतातले शेततळे असले तरी फरक पडत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमातली शिकारबंदी जमीन कोणाची हे पाहत नाही, आणि 39 व्या कलमाप्रमाणे मारलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते. शिकारीत वापरलेले हत्यार, सापळा, होडी, गाडी यांनाही तेच कलम लागू होते. पाहुण्यांना तलावावर नेणारी जीप त्यातच जाते, हे व्यावसायिकाने नीट लक्षात घ्यावे.

अमेरिकेतला शेतमालकही बदके विकत नाही. तो फक्त त्याच्या जागेत बसण्याचा हक्क देतो. पक्षी तिथेही सार्वजनिक मानले जातात. भाडे भरूनही शिकाऱ्याला राज्याचा परवाना लागतो आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला 1934 पासून चालत आलेला संघराज्याचा ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. त्यातून येणाऱ्या पैशाचा जवळजवळ सगळा भाग पाणथळ जागा विकत घेण्यावर आणि राखण्यावर खर्च होतो. दिवसाला किती बदके मारायची हे ठरलेले असते. शिशाच्या छऱ्यांनी पाणपक्ष्यांची शिकार करण्यास 1991 पासून देशभर बंदी आहे. ‘तिकडे चालते मग इकडे का नाही’ असे विचारताना ही सगळी चौकट सोडून केवळ बंदूक उचलून आणता येत नाही.

आता घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींकडे येऊ. ‘आमच्या वेळी बदकांचा परवाना मिळायचा’ असे कोणी सांगत असेल तर ते खोटे नाही. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळी शिकार एका फटक्यात बंद केली, असा सरसकट समज आहे, पण मूळ कायद्यात परवान्याने शिकार करण्याची तरतूद होती. बदके चौथ्या अनुसूचीत, म्हणजे लहान शिकारीच्या प्राण्यांत धरलेली होती. ही परवान्याची वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. 2022 च्या दुरुस्तीत अनुसूची सहावरून चारावर आल्या, तेव्हा ‘यादी कमी झाली म्हणजे सूट मिळाली’ असा नवा घोटाळा डोक्यात होणे शक्य होते. प्रत्यक्षात रचना बदलली, बदकांचे संरक्षण राहिले, आणि सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड 25 हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढला. तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची किंवा अभयारण्याच्या हद्दीतली शिकार असेल तर किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. काटेपूर्णा हे अभयारण्य आहे, हे महानच्या धरणाकडे पाहुणे नेणाऱ्याला माहीत असायलाच हवे.

‘बंदुकीचा परवाना आहे ना!’ हा आणखी एक युक्तिवाद. शस्त्र परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, पक्षी मारण्याचा नसतो. छर्ऱ्याच्या एअरगनलाही सूट नाही, फासे आणि जाळ्यालाही नाही. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, हाकून आणणे, यांचा नुसता प्रयत्न, इतकेच काय, पक्ष्याची अंडी किंवा घरटे विस्कटणे हेही शिकारच आहे. इथे स्थानिक बदकांचा विचार करायला हवा. हळदी-कुंकू बदक आणि अडई हे काही हिवाळी पाहुणे नाहीत. पावसाळ्यात ते आपल्याच तलावांच्या काठच्या गवतात, झाडांच्या ढोलीत पिल्ले वाढवतात. ‘सगळी बदके सायबेरियाची, आली काय नि गेली काय’ असे म्हणणाऱ्यांना ही दोन नावे सांगावीत.

शेतकऱ्याची अडचण मात्र वेगळी आहे. रोही आणि रानडुकरे पीक फस्त करतात, तेव्हा कायद्याचे अकरावे कलम वनाधिकाऱ्याच्या परवानगीने त्यांना मारण्याची मुभा देते. ही मुभा पिकाच्या रक्षणासाठी आहे. ती परवानगी दाखवून शहरातल्या हौशी पाहुण्याला शेतावर बंदूक चालवायला बोलावणे म्हणजे शेतकऱ्याच्या खऱ्या दुःखाचा गैरवापर आहे.

आणि ‘आदिवासींना तर शिकारीचा हक्क आहे, त्यांना माहितगार म्हणून सोबत घेतले की झाले’ हा समज तर दुहेरी अन्याय करतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात परंपरागत हक्कांची यादी देताना शिकारीचा, फासे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यालाही गुन्हा करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. पाहुणा विमानाने निघून जातो आणि वाट दाखवणारा गावात सापडतो. ज्या फासेपारधी समाजाला इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्याला पुन्हा त्याच पिंजऱ्यात ढकलण्याचा हा प्रकार. याच समाजातल्या माणसांनी अकोला-वाशीमच्या माळरानांवर ‘संवेदना’ या संस्थेसोबत तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या संवर्धनाचे काम केले आहे. गवतातल्या पक्ष्याचा माग काढण्याचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी कमावले, ते पक्षी वाचवायलाही तितकेच उपयोगी पडते.

‘राजेमहाराजांनी हजारोंनी मारले, तरी पक्षी संपले का?’ असेही विचारले जाते. भरतपूरच्या केवलादेवला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. योगायोग असा की 12 नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र 2020 पासून मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून, म्हणजे 5 नोव्हेंबरपासून, याच 12 तारखेपर्यंत पक्षी सप्ताह साजरा करतो. राहिला प्रश्न संपण्याचा. केवलादेवला दर हिवाळ्यात येणारा सायबेरियन क्रौंच 2002 नंतर तिथे दिसलेला नाही. त्याच्या वाटेवरच्या देशांत झालेली शिकार हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. गुलाबी डोक्याचे बदक तर भारतात अनेक दशकांत खात्रीने कोणी पाहिलेले नाही. तेव्हा संपले का, या प्रश्नाचे उत्तर ‘काही संपले’ असे आहे.

मग पाहुण्यांना बदके दाखवायचीच नाहीत का? जरूर दाखवावीत, दुर्बिणीतून आणि कॅमेऱ्यातून. इथे मात्र जागा की माहितगार हा मूळ प्रश्न खरा आणि कामाचा ठरतो.

तलावाकाठचे शेत भाड्याने घेऊन लपणगृह उभारणे आकर्षक वाटते. पण वऱ्हाडातला तलाव एका जागी थांबत नाही. रब्बीला पाणी सुटते, काठ रोज मागे सरकतो. ऑक्टोबरात पाण्याला टेकलेले लपणगृह जानेवारीत कोरड्या गाळात, पाण्यापासून दूर उभे राहते. तलवार बदक, थापट्या ही उथळ पाण्यात चरणारी बदके पाण्यासोबत सरकतात. बुडी मारून खाणाऱ्या शेंडी बदकाला खोल पाणी लागते. या आठवड्यात पक्षी कुठे आहेत हे भाडेपट्टा सांगत नाही. ते रोज काठावर असणारा मासेमार सांगतो, सकाळी गुरे घेऊन जाणारा सांगतो, स्थानिक पक्षिमित्र सांगतात. म्हणून माणसावर खर्च केलेला पैसा जागेवर खर्च केलेल्या पैशापेक्षा जास्त फळतो.

पुणे जिल्ह्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हे घडलेले आहे. कुंभारगावच्या मासेमारांच्या होड्या हिवाळ्यात रोहित पाहायला आलेल्यांना घेऊन जातात आणि होडी चालवणाराच पक्ष्यांची नावे सांगतो. मेळघाटात सेमाडोहपासून अकोट बाजूच्या शहानूरपर्यंत जंगलभ्रमंतीला स्थानिक मार्गदर्शक आहेत. 1884 नंतर थेट 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा मेळघाटातही आहे आणि त्याच्यासाठी लांबून लोक येतात. जंगलासाठी उभी राहिलेली ही पद्धत अमरावती-अकोल्याच्या तलावांवर आणायला काहीच हरकत नाही. तिथे मासेमारी संस्थेला विश्वासात घ्यावे आणि होडी थव्यात घुसवू नये. फोटोसाठी पक्षी उडवून दाखवणाऱ्या माणसाला पुन्हा काम देऊ नये.

हॉटेलच्या पाट्यांवरही नजर ठेवायला हवी. पाळीव बदकाचे मांस विकणे कायदेशीर आहे, ‘रानबदक’ म्हणून जे खपवले जाते ते नाही. विष मिसळलेले धान्य टाकून पाणपक्षी मारण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. तसे मांस ताटात आले तर धोका खाणाऱ्यालाही आहे.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या पाहुण्यांना एक सकाळ त्या गणनेत सामील करून घ्या. आणि तलावावर फासे, जाळे किंवा बंदूक दिसली तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर त्याच वेळी कळवा.