नाशवंत माल आणि परकीय मदत

पुण्याच्या मार्केट यार्डात भाव उतरला, तर भुसार विभागातील ज्वारीची पोती गाळ्यात थांबू शकतात. मेथीच्या जुडीचा सौदा मात्र त्याच दिवशी उरकावा लागतो. हमालालाही कळणारा हा व्यवहार श्रीमंत राष्ट्रांच्या मदतखात्यांना उमगलेला दिसत नाही. धरण चार वर्षे लांबले, तर खर्च वाढतो. पहिल्या दोन वर्षांत कुपोषणाने खुंटलेली वाढ पुढे पैसा ओतून पुरती भरून निघणे कठीण. म्हणूनच मदतीच्या अंदाजपत्रकावर पहिला हक्क बालकांचा. प्रत्यक्षात २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था गुंडाळली, तेव्हा कात्री लसीकरण आणि पोषण यांवरही चालली.

अशी मदत कारणी लागत नाही, असे निदान पुणेकरांनी म्हणू नये. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ मध्ये युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साह्याने उभा राहिला.

बालहक्कांच्या १९८९ च्या कराराचे चौथे कलम आंतरराष्ट्रीय सहकार्याचा स्पष्ट उल्लेख करते. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. आता भारत स्वतःच भूतान, नेपाळ यांना मदत देतो. त्या रकमेतून तेथील बालकांच्या वाट्याला किती येते, हे दिल्लीलाही विचारावयास हवे.