‘सी’ भाषेचें नवें प्रमाण आणि मराठी ‘ऱ्य’

संगणकास काम सांगण्यासाठीं ज्या कृत्रिम भाषा रचल्या गेल्या, त्यांपैकीं ‘सी’ ही जुनी आणि अद्याप प्रचारांत असलेली भाषा होय. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ती १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. एकाच वाक्याचे निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळे अर्थ होऊं नयेत, म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें १९९० सालीं तिचें व्याकरण बांधून दिलें. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढें निघत गेल्या. त्यांपैकीं एक ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली.

तींतील एक कलम मराठी वाचकानें मुद्दाम पाहण्याजोगें आहे. ‘इफ’, ‘रिटर्न’ हे आज्ञाशब्द इंग्रजीच राहिले. परंतु हिशेबांतील राशींना नांवें द्यावयाचीं तीं लिहिणारा आपल्या मनानें देतो, आणि १९९९ च्या आवृत्तीपासून त्यांत देवनागरी अक्षरेंहि चालूं लागलीं. समजा, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाटच्या एखाद्या विद्यार्थ्यानें बाजारांत आलेल्या मालाचा हिशेब संगणकाकडून करवितांना एका राशीस ‘शेतकऱ्याचा_कापूस’ असें नांव दिलें. तें चालेल काय? उत्तर त्यांतील ‘ऱ्य’वर अवलंबून आहे.

हा ‘ऱ्य’ मराठीचा खास. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोरीं. भेद लहान, पण अर्थ पालटणारा. संगणकांत ‘ऱ्य’ दोन रीतींनीं लिहितां येतो. पहिलींत नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त चिन्ह आणि ‘य’ असा क्रम असतो. दुसरींत साधा ‘र’, हलन्त, मागोमाग कागदावर कधींच न उमटणारें एक जोडचिन्ह आणि मग ‘य’. दोहोंचें छापील रूप एकच. २०११ च्या आवृत्तीस दोन्ही मान्य होत्या. २०२४ च्या आवृत्तीनें नांवांचे नियम ‘युनिकोड’ या सर्व लिपींच्या कोष्टकावरून घेतले आणि त्या अदृश्य जोडचिन्हास मज्जाव केला. कारण रास्त आहे: डोळ्यांस एकच दिसणारीं नांवें यंत्र निराळीं मानतें, आणि अशा फरकाआड लबाडीहि लपवितां येते. तथापि दुसऱ्या रीतीनें लिहिलेला शेतकरी त्यामुळें नव्या व्याकरणांत अशुद्ध ठरतो.

वर्ध्याला असा प्रश्न अगदींच परका नाहीं. तेथें १९३६ सालीं राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली, आणि काकासाहेब कालेलकरांनीं पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी तिच्या पुस्तकांतून छापली जाऊं लागली. ‘इ, ई, उ, ऊ’ यांऐवजीं ‘अि, अी, अु, अू’ लिहिलें म्हणजे छापखान्यांतील खिळे कमी होतात व टंकलेखन सुलभ होतें, हा हेतु. ती पद्धति पुढें मागें पडली. नवें प्रमाण मात्र ‘इमारत’ आणि ‘अिमारत’ हीं दोन्ही नांवें शुद्ध मानतें, पण एक मानीत नाहीं. एकाच हिशेबांत दोन्ही आलीं तर यंत्र दोन वेगळ्या राशि धरील. वाचणाऱ्यास आवाज एकच ऐकूं येतो. यंत्राजवळ आवाज नाहींच, केवळ चिन्हांचे क्रमांक आहेत.

हिंगणघाटच्या विद्यार्थ्याची अडचण मात्र सुटण्यासारखी आहे. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे: शिफ्ट दाबून ‘र’चीच कळ. त्या ‘ऱ’पुढें हलन्त व ‘य’ दिला, कीं ‘शेतकऱ्याचा_कापूस’ नव्या प्रमाणांत निर्वेधपणें बसतो.