पोळ्यासकट मध

साजगावच्या विठोबाला पंचक्रोशीतले लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. खोपोलीजवळच्या या देवस्थानाची यात्रा कार्तिकात भरते आणि तिच्या बाजारात सुक्या मासळीचे ढीग असे लागतात की, देवालाच ते नाव चिकटून बसले. या बाजारातले गिऱ्हाईक बोंबील उचलते, वाकवून पाहते, हुंगते आणि मगच भाव करते. मालाची पारख त्याच्या बोटांत आणि नाकात असते. मधाच्या बाबतीत मात्र आपण सारेच आंधळे आहोत. पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणे, मधात भिजवलेली वात पेटवणे, कुत्रा तोंड लावतो की नाही हे पाहणे, अशा घरगुती परीक्षा आपण करतो. पण त्यांतली एकही भरवशाची नाही. २०२० साली 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या दिल्लीच्या संस्थेने १३ छापांच्या मधाचे २२ नमुने तपासून घेतले. सगळ्या कसोट्यांना उतरलेले नमुने ५ निघाले. त्या निकालावर वादही झाला. परंतु गिऱ्हाइकाच्या मनात शंका बसली ती बसलीच.

ही शंका नवी नाही. मधमाश्यांची हलत्या चौकटींची पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ साली सिद्ध केली. जर्मनीतल्या मेरिंगने १८५७ साली माश्यांना पोळे बांधायला पाया म्हणून मेणाचा छापील पत्रा दिला, आणि १८६५ साली ह्रुश्का या गृहस्थाने पोळे न मोडता, ते गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र लोकांपुढे आणले. सोय फार मोठी झाली, पण त्याबरोबर भेसळीचाही मार्ग मोकळा झाला. मक्याच्या साखरेचा पाक मधात मिसळला तर ओळखायचा कोणी? तेव्हा अमेरिकेतले लोक पोळ्यासकट मध मागू लागले. पण तिथेही संशय आडवा आला. १८८१ साली वायली या रसायनशास्त्रज्ञाने लिहिले की, मेणचटाची खोटी पोळी करून त्यांत पाक भरून विकतात. त्यावर रूट नावाच्या मधपेटी-कारखानदाराने जाहीर केले, 'असले एक पोळे दाखवा आणि हजार डॉलर घेऊन जा.' ते बक्षीस न्यायला कोणीही आले नाही. माशीची कारागिरी माणसाला साधली नाही, हाच त्याचा अर्थ.

आता 'पोळ्यासकट मध' म्हणजे काय ते पाहू. माश्यांनी नव्या कोऱ्या मेणात बांधलेले, मधाने भरलेले आणि वरून मेणाच्या झाकणांनी बंद केलेले पोळे चौकोनी तुकड्यांत कापायचे, कडांचा मध निथळू द्यायचा आणि तुकडा तसाच डब्यात घालून द्यायचा. न पिळणे, न गाळणे, न तापवणे. झाकणालाही मोठा अर्थ आहे. फुलातला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देऊन, पंखांनी वारा घालून आटवतात आणि तो पक्व झाला म्हणजेच घरावर झाकण घालतात. मधात पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे, असा आपला सरकारी दंडक आहे. पाणी अधिक राहिले की मध आंबतो. म्हणून झाकणाआधी कापलेले पोळे म्हणजे आंबा कैरीतच उतरवण्यासारखे होय.

आपल्या डोंगरांत पेटीत राहणारी माशी ती सातेरी. आग्या माशी कडेकपारीला किंवा उंच फांदीला एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. ती पेटीत राहत नाही. सातेरी मुळात झाडाच्या ढोलीत आणि वारुळात समांतर पोळी बांधणारी, म्हणून पेटी तिला मानवते. तिचा आणखी एक गुण आमच्या कामाचा आहे. परदेशी माशी झाडांची राळ आणून पेटीभर चिकटवते; सातेरी राळ गोळा करीत नाही. त्यामुळे तिचे पोळे स्वच्छ निघते. अडचण एकच : ती मध थोडा देते. चांगल्या जागी एका पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मिळाला तरी मधपाळाने समाधान मानावे.

पोळे खाण्यासाठी काढायचे तर तयारी आधीपासून करावी लागते. वरच्या मधकोठीच्या चौकटींत तार ओढायची नाही, कारण तार सुरीला आडवी येते. चौकटीच्या वरच्या पट्टीला शुद्ध मेणाची बोटभर रुंद पट्टी चिकटवायची. तिला धरून माश्या खाली पोळे ओढतात. हे मेण पोटात जायचे असते, म्हणून त्यात मेणचट मिसळलेले चालणार नाही. राणी वर जाऊन अंडी घालू नये यासाठी दोन कोठ्यांमध्ये जाळी ठेवतात. वसाहत माश्यांनी गच्च भरलेली आणि फुलोरा जोरात असला पाहिजे. आमच्याकडे मार्च-एप्रिलात जांभूळ फुलतो, त्यामागे हिरडा येतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच डोंगर भरून टाकते. पोळे भरून बंद झाले की लगेच उचलायचे. ते पेटीत पडून राहिले तर माश्यांच्या पायांनी पांढरी झाकणे पिवळट होतात.

आमचा पहिला हंगाम येथेच फसला. पोळी सुंदर आली होती. ती कापली आणि त्याच संध्याकाळी डब्यांत भरली. आठवड्यात डब्यांच्या तळाशी मधाचे तळे झाले. त्याहून वाईट प्रकार तीन आठवड्यांनी घडला. ओळखीच्या एका बाईंनी डबा परत आणला. बोलल्या काहीच नाहीत, झाकण उघडून समोर ठेवले. आत अळ्या वळवळत होत्या. मेणपतंगाची अंडी पोळ्यावर आधीपासून असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. मग आम्ही रीत शिकलो. कोमट पाण्यात बुडवून पुसलेल्या धारदार सुरीने तुकडे कापावेत, जाळीवर रात्रभर निथळत ठेवावेत, वरून झाकावेत. नंतर ते हवाबंद पिशवीत घालून गोठणपेटीत, शून्याखाली १८ अंशांवर, निदान एक दिवसरात्र ठेवावेत, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर तुकडा घरच्या हवेइतका होईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर हवेतले पाणी मधावर बसते. डांबराच्या गोळ्यांनी किंवा गंधकाच्या धुरीने पतंग मारण्याचा जुना उपाय खाण्याच्या पोळ्याला कधीही करू नये.

आता हिशेब. पुष्कळांचा आक्षेप असा असतो की, पोळ्याचा मध बाटलीच्या मधाहून महाग का? गाळण्याचे कष्ट तर वाचले! वस्तुस्थिती उलट आहे. यंत्राने मध काढला की रिकामे पोळे पेटीत परत जाते. येथे ते गिऱ्हाइकाबरोबर जाते. मेण ही कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरणारी वस्तू आहे. एक किलो मेण करायला माश्या सहा ते आठ किलो मध खर्चतात. तेवढ्या मेणाच्या पोळ्यात सुमारे बावीस किलो मध मावतो. म्हणजे किलोभर मधामागे जवळपास पंचेचाळीस ग्रॅम मेण, आणि त्यापायी तीनशे ग्रॅमच्या घरात मध अगोदरच खर्ची पडलेला. शिवाय वाकड्या कडा, अर्धवट बंद झालेले कोपरे आणि निथळलेला मध बाजूला काढावा लागतो. या साऱ्यामुळे दीडपट भाव लावला तर तो नफेखोरी ठरू नये. निथळलेला मध बाटलीत जातो, कडांचे मेण वितळवून पुढच्या वर्षीच्या पट्ट्या होतात.

विकताना दोन गोष्टी सांगाव्यात. मेण पचत नाही, पण अपायही करीत नाही. भाकरीबरोबर खावे किंवा चघळून टाकावे. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र कोणताही मध चाटवू नये. डबा शीतपेटीत ठेवू नये, तिथल्या गारव्यात मध लवकर साखरतो. आणि तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. पोळे हे शुद्धतेचे संपूर्ण प्रमाणपत्र नव्हे. फुलोऱ्याच्या दिवसांत माश्यांना साखरेचा पाक पाजला तर त्या तोही पोळ्यात भरतील. पाक पाजायचा तो उपासमारीत, आणि तेव्हा मधकोठी काढून ठेवलेली असली पाहिजे. हे पाळणारा मधपाळ कोण, हे गिऱ्हाइकाला माणूस पाहूनच कळते.

यातूनच मुख्य मुद्दा निघतो. घाटाच्या पायथ्याला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जूनपासून माशीला बाहेर पडण्याची सोय नाही, फुलातला रस धुऊन जातो. वैशाखात आपण सगळी पोळी कापून नेली तर आषाढात वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून उठून जाते. आणि सातेरी या बाबतीत फार मानी आहे. म्हणून खालच्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही, असा आमचा नेम आहे. आग्या माशीचे पोळे काढणारे जाणते कातकरीही मधाचा कांदा तेवढा कापून पिलावा जागेवर ठेवतात. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. अशी गावे टिकायची असतील तर ती गिऱ्हाइकांच्या समजुतीवर टिकतील. या वसंतात आपण पोळ्याचा तुकडा विकत घ्याल तेव्हा भाव जरूर करा. पण साजगावच्या बाजारात बोंबील वाकवून पाहता, तसे मधपाळालाही एकदा वाकवून पाहा. त्याला विचारा, 'पावसाळ्यासाठी पेटीत किती ठेवलात?'